जड कुणाचं, हलकं कुणाचं?

आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात एका घराचा स्लॅब टाकला. सकाळी सातला मिक्सर घरघरायला लागला तो संध्याकाळी पाचला थांबला. मिक्सरपाशी एक गडी, सळ्यांपाशी दोघे, वर माल पसरायला गवंडी आणि त्याचा जोडीदार. खडी-वाळूच्या ढिगापासून मिक्सरपर्यंत घमेली वाहायला सहा बायका. खडीने भरलेलं घमेलं पंधरा किलोच्या खाली नसतं. एकेकीने दिवसात अशी किती घमेली वाहिली ते मी गच्चीवरून मोजायला लागलो आणि शंभरानंतर नाद सोडला. संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा बाईच्या हातावर गड्यापेक्षा कमी पैसे पडले. ठेकेदाराला विचारलं, तर तो अगदी सरळ मनाने म्हणाला, "बायकांचं काम हलकं असतं ना, काका."

त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. तो जे बोलला ते आपण सगळेच धरून चालतो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. हलकं म्हणजे किती किलो? जड म्हणजे किती? हे मोजलं कुणी, आणि कधी? कष्टाच्या कामांची बाई आणि पुरुष यांच्यात जी वाटणी झालेली आहे, तिच्यात शरीराचा भाग किती, सवयीचा किती आणि पैशाचा किती, हे जरा उलगडून बघू.

आधी शरीर. फरक आहे, तो नाकारू नये. सरासरी पुरुषाच्या खांद्यात, दंडात आणि मुठीत सरासरी बाईपेक्षा बरीच जास्त ताकद असते. पायांच्या ताकदीत फरक त्या मानाने कमी. बाजार समितीत पोत्यांची थप्पी लावणारे हमाल पुरुष दिसतात, त्यामागे हे कारण नक्कीच आहे. त्या कामाची किंमतही पुरुषच मोजतात. पन्नाशीच्या आत गुडघे आणि कंबर गेलेले हमाल कुठल्याही मार्केट यार्डात भेटतील.

आता त्याच अंगाला दुसरं माप लावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बारा लिटरचा एक हंडा डोक्यावर आणि तेवढाच दुसरा कमरेवर घेतला, तर भांड्यांचं वजन सोडूनही चोवीस किलो झालं. ते घेऊन विहिरीची चढण चढायची, दगडगोट्यांतून घर गाठायचं आणि परत फिरायचं, अशा चार-पाच खेपा. याला कुणी जड काम म्हणत नाही. याचं नाव 'पाणी भरणं'. लाकडाचा भारा, गवताचं ओझं, शेणाची पाटी यांचंही तेच.

मला वाटतं, आपल्या डोळ्यांना दोन प्रकारचे कष्ट वेगळे दिसतात. एक झटक्याचे: दम धरायचा, ताकद लावायची, ओझं उचलायचं, आणि मग थांबून घाम पुसायचा. दुसरे चिवट: एका वेळी थोडंच, पण सकाळपासून अंधार पडेपर्यंत न थांबता. पहिल्या प्रकाराला प्रेक्षक मिळतात. दुसरा प्रकार भिंतीवरच्या घड्याळासारखा, तो बंद पडला तरच त्याच्याकडे लक्ष जातं. 'जड' हा शब्द आपण जवळपास पूर्णपणे पहिल्या प्रकाराला देऊन टाकला आहे.

शेतात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. पिकातलं तण काढायचं आहे. दोन ओळींच्या मधलं तण बैलांच्या कोळप्याने काढलं तर ती कोळपणी, आणि ती पुरुषाची. ओळीतलं, रोपाच्या बुडाशी असलेलं तण खुरप्याने काढलं तर ती खुरपणी, कुठे निंदणी म्हणतात, आणि ती बाईची. शेत तेच, तण तेच, हेतूही तोच. फरक इतकाच की एक काम उभ्याने होतं आणि दुसरं उकिडवं बसून. पुरुषांच्या वाट्याची शेतकामं एकदा आठवून बघा: नांगरणी, कोळपणी, फवारणी, पाणी देणं, मोटरसायकलवर खत आणणं. बहुतेक कामं उभ्याने किंवा कशावर तरी बसून होतात. बायकांची आठवा: खुरपणी, भाताची लावणी, कांद्याची रोपं लावणं, भुईमूग उपटणं, कापूस वेचणं. सगळी वाकून नाहीतर उकिडवं. भाताच्या खाचरात दिवसभर पाण्यात उभं राहून कमरेत वाकलेली बाई संध्याकाळी सरळ होते तेव्हा तिला आधी हात गुडघ्यावर टेकवावा लागतो. वजनाच्या काट्यावर यातलं काहीच येत नाही.

कौशल्याचंही तेच होतं. तिफणीची, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराची, पेरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना चाडं आठवत असेल. तिफणीला जोडलेल्या त्या लाकडी वाटीत मुठीतून बी सोडायचं असतं. जास्त पडलं तर पीक दाटतं, कमी पडलं तर ओळीत रिकाम्या जागा राहतात, आणि बैल कुणासाठी थांबत नाहीत. कितीतरी घरांत ही मूठ बाईची असे. पण पेरणी कुणी केली असं विचारलं, तर नाव रुमण्यावर, म्हणजे तिफणीच्या दांड्यावर, हात ठेवणाऱ्याचं.

नांगराकडे येऊ, कारण अभ्यासकांनी या सगळ्या वाटणीचं मूळ तिथेच शोधलं आहे. एस्टर बोझरुप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० मध्ये एक साधा पण मोठा मुद्दा मांडला. जगात जिथे कुदळीने शेती होत आली, जसं आफ्रिकेच्या मोठ्या भागात, तिथे शेतात बाई आघाडीवर राहिली. जिथे नांगर आला तिथे ती मागे सरकली. नांगर दाबून धरायला खांद्याची ताकद लागते, बैल आवरावे लागतात, आणि अंगावरचं मूल सांभाळत ते जमत नाही. कुदळ मात्र खाली ठेवून मुलाला घेता येतं. २०१३ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी जगभरातल्या बाराशेच्या वर जनसमूहांच्या जुन्या नोंदी घेऊन हा मुद्दा तपासला. ज्यांच्या पूर्वजांनी नांगर वापरला, त्या समाजांत आजही घराबाहेर कामाला जाणाऱ्या बायका तुलनेने कमी आणि 'बाईची जागा घरात' असं मानणारे जास्त, असं त्यांना आढळलं. यातली खरी मेख पुढे आहे. अशा समाजांतून युरोप-अमेरिकेत गेलेल्यांच्या मुलांमध्येही हा ठसा दिसला. त्या मुलांनी नांगर बघितलासुद्धा नसेल. म्हणजे अवजार गेलं, पण अवजाराने लावलेली सवय राहिली.

मला हा मुद्दा पटतो, पण पूर्ण नाही. त्याचं कारण आपल्याच देशात आहे. भारताच्या बऱ्याच भागांत बाईने नांगराला हात लावणं निषिद्ध मानलं गेलं आहे. लावला तर पाऊस रुसतो, अशी समजूत. आता विचार करा, जे काम बाईला अंगानेच जमत नाही, त्याला बंदी कशाला हवी? माणसाने उडू नये असा नियम कुठल्याच गावाने केलेला नाही. बंदी घालावी लागते ती जमण्यासारख्या गोष्टीला. उलट उत्तर प्रदेश-बिहारच्या काही भागांत पाऊस लांबला की रात्री बायकांनीच नांगर ओढायचा असा विधी आहे. म्हणजे गरज पडली की ताकदही येते आणि बंदीही उठते. २०२२ मध्ये झारखंडच्या गुमला जिल्ह्यात एका तरुणीने शेत नांगरलं म्हणून गावाने बैठक बोलावली, अपशकुन होईल, दुष्काळ पडेल, असं म्हणून तिला विरोध केला. तिने शेत ट्रॅक्टरने नांगरलं होतं. ट्रॅक्टरला खांद्याची ताकद लागत नाही, पॉवर स्टिअरिंग असेल तर मनगटाचीही नाही.

म्हणजे ताकदीने वाटणीची सुरुवात झाली असेल, पण आज ती ताकदीवर उभी नाही. हे पडताळून बघायचा एक सोपा मार्ग आहे: एखाद्या कामात यंत्र आलं की काय होतं ते बघायचं.

जातं घ्या. पहाटे उठून दोन पायल्या दळणं हे किती अंगमेहनतीचं काम होतं, ते जात्याचा खुंटा एकदा तरी फिरवलेल्यालाच कळेल. हे काम शंभर टक्के बायकांचं. त्याच्या सोबतीला त्यांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. मग पिठाची गिरणी आली. एक बटण दाबायचं, धान्य ओतायचं, डबा लावायचा. ताकदीचा प्रश्न मिटला, काम सोपं झालं, आणि त्याच घटकेला ते पुरुषाचं झालं. गिरणीवाला म्हटलं की डोळ्यांसमोर पिठाने पांढरी झालेली पुरुषाचीच मिशी येते. बायका डबे घेऊन रांगेत.

दूध घ्या. गोठा झाडणं, वैरण आणणं, शेण काढणं, धार काढणं, यातलं पुष्कळ बाई करते. किटली मोटरसायकलला अडकवून डेअरीत नेणं पुरुष करतो, खातंही त्याच्याच नावावर. इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागावर पुरुष, आणि सुताच्या कांड्या भरायला बायका. कुंभाराच्या घरी माती मळायला, गाडगी रंगवायला सगळं घर, पण चाकावर बसतो पुरुष. एसटीत बाई कंडक्टर दिसून आता बरीच वर्षं झाली, पण स्टिअरिंगवर बाई बसायला २०२३ उजाडलं. मुंबईचा डबा तर या वाटणीचा नमुनाच आहे: घराघरात तो करणारी बाई, आणि जगभर कौतुक झालं ते पोचवणाऱ्यांचं. (त्या कौतुकात काही गैर नाही, डबेवाल्यांचे कष्ट खरेच आहेत. मी फक्त डबा कुठून निघतो तेवढं सांगतोय.)

या सगळ्यांत एक धागा आहे. ज्या कामात यंत्र, बैल किंवा वाहन हाताशी येतं, किंवा जिथे काम संपून पैसा हातात पडतो, ते टोक पुरुषाकडे जातं. हाताने करायचं, पुन्हा पुन्हा करायचं, पैसे लगेच न दिसणारं टोक बाईकडे राहतं. आणि हलकं-जड हे शिक्के वाटणी झाल्यानंतर मारले जातात.

कायद्याला इथेच ठेच लागते. समान मोबदल्याचा कायदा देशात १९७६ पासून आहे. पुढे २०१९च्या वेतन संहितेत त्याला सामावून घेतलं. 'सारख्या कामाला सारखी मजुरी' हे त्याचं सूत्र. पण शेतात सारखं काम दाखवणार कसं? कोळपणी आणि खुरपणी अशी दोन नावं ठेवली की तुलनाच संपली. बांधकामावर तो गवंडी आणि ती बिगारी, लग्नात तो आचारी आणि ती पोळ्या लाटणारी. पहाटेपासून शे-दोनशे माणसांच्या पोळ्या लाटून खांदे भरून आलेल्या बाईचा दर आचाऱ्याच्या जवळपासही नसतो.

महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग मात्र असा झाला की तिथे ही नावांची युक्ती चालली नाही. १९७२च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीची कामं पसरली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. मजुरी कामाच्या मापावर ठरायची, माणूस बघून नाही. किती घनफूट माती निघाली याचं माप टेपने घेतलं की माती खणणारा कोण होता हे टेपला कळत नाही. या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, आणि आमच्या आज्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी स्वतःच्या नावाची मजुरी पहिल्यांदा तिथेच मोजून घेतली.

आता घरात येऊ. आपला दिवस कसा जातो हे सरकारनेही मोजलं आहे. २०१९ मध्ये देशभरातल्या सुमारे १ लाख ३९ हजार घरांत वेळ-वापराची पाहणी झाली. पद्धत साधी: कालच्या पहाटे चारपासून आजच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाला तुम्ही काय करत होता ते सांगा. पहाटे चारलाच दिवस का सुरू केला असावा, हे कुठल्याही खेड्यातल्या बाईला विचारा.

त्यातला एक आकडा बातम्यांत खूप फिरला: घरातलं बिनपैशाचं काम बायका दिवसाला २९९ मिनिटं करतात आणि पुरुष ९७ मिनिटं. दीड तास? पुष्कळ जणींना हा आकडा वाचून हसू आलं असणार. त्याचं उत्तर सरासरी कशी काढली यात आहे. हे आकडे फक्त त्यांचे आहेत ज्यांनी त्या दिवशी घरकाम केलं. सहा वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी ८१ टक्क्यांनी ते केलं होतं, पुरुष-मुलग्यांपैकी २६ टक्क्यांनी. सगळ्यांना धरून भागाकार केला तर बाईच्या वाट्याला साधारण चार तास येतात आणि पुरुषाच्या वाट्याला पंचवीस मिनिटं. म्हणजे 'पुरुष थोडं कमी करतात' असं हे चित्र नाही. चारातले तीन पुरुष काहीच करत नाहीत, आणि चौथा जो करतो तो बऱ्यापैकी करतो. सवयीबद्दल हे जास्त बोलकं आहे. एकदा हात लावला की काम जमतं, अडचण हात लावण्याचीच आहे. २०२४ मध्ये अशीच पाहणी पुन्हा झाली. चित्र फारसं हललेलं नाही.

तरी या तक्त्यात बाईचा दिवस नीट मावत नाही. एका चुलीवर भाकरी, दुसऱ्यावर दूध, मांडीवर पोरगं आणि कान नळाकडे. या अर्ध्या तासाला नाव काय द्यायचं? सरकारी रोजगार पाहणीत तर अडचण आणखी जुनी आहे. तिथे '९२' हा संकेतांक फक्त घरकाम करणाऱ्यांचा आणि '९३' हा घरकामासोबत सरपण, वैरण, रानभाजी गोळा करणाऱ्यांचा. दोन्ही संकेतांक श्रमिकांच्या मोजणीबाहेर. डोक्यावर वीस किलोचा भारा घेऊन टेकडी उतरणारी बाई या हिशेबात काम करत नसते.

मग पुरुष हात का लावत नाही? आळस हे उत्तर मला पुरत नाही. कोल्हापूरच्या तालमीत जा. पैलवान स्वतःचा स्वयंपाक करतात, कपडे धुतात, भांडी घासतात, आखाड्याची माती खणतात. तिथे भाजी चिरताना कुणाच्या मिशीला धक्का लागत नाही. समुद्रात गेलेल्या बोटीवर खलाशांचं जेवण खलाशीच रांधतो. नोकरीसाठी खोली घेऊन राहणारी चार पोरं कुकर लावतातच. पण तोच पोरगा दिवाळीला घरी आला की पाण्याचा तांब्याही आई आणून देते. काम तेच आहे, हातही तेच आहेत. बदलतं ते इतकंच की आजूबाजूला बाई आहे की नाही, आणि कुणी बघतंय का.

भाषेने यात आपली जागा पक्की केली आहे. 'बायकोचा बैल', 'बायकी काम', 'बांगड्या भरल्यात का' हे टोमणे पुरुषाला झाडू उचलण्यापासून रोखायला पुरेसे असतात. आणखी एक गंमत बघा. 'गडी' म्हणजे पुरुषही आणि मजूरही. 'आज बाई आली नाही' म्हटलं की धुणं-भांडी करणारी आली नाही, हे न सांगता कळतं. कष्ट करणाऱ्यांना आपण नावानेच बाई आणि गडी केलं आहे. यात जातही आहे, ती वगळून चालणार नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहिलं होतं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. कुणाच्या बायकांनी दुसऱ्याच्या रानात जायचं आणि कुणाच्या बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही, हे त्या विभागणीत ठरलेलं होतं.

लाज पुरुषांनाही महागात पडते. अंगात ताप असताना फवारणीला जाणं, तोंडाला फडकं न बांधणं, 'मला काय होतंय' म्हणणं हीदेखील सवयच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. फवारणी हे पुरुषांचं काम.

या सगळ्याची गाठ एका ठिकाणी बघायची असेल तर उसाच्या फडात जावं. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. हा हिशेब ऐकला की वाटतं, चला, इथे तरी बाई निम्मी मोजली गेली. पण उचल ठरवायला नवरा बसतो, पैसे त्याच्याच हातात पडतात. फडात ऊस तोडायला दोघं भिडतात. पाचट काढणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढवणं यात बाई कुठेच मागे नसते. आणि पालावर परतल्यावर तो टेकतो, ती चूल पेटवते. पहाटे तिचा दिवस त्याच्याआधी दोन तास सुरू झालेला असतो, कारण भाकरी बांधून न्यायच्या असतात.

एक दिवस काम बुडालं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीचे चार दिवस, बाळंतपण, पोटदुखी, सगळं खाड्यात. तिथे आडोसा नाही, पाणी नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या निघाल्या. कारणं अनेक आहेत, खासगी दवाखान्यांचा लोभ त्यातलं मोठं. पण खाडा परवडत नाही हे त्याच्या बुडाशी आहे. 'हलकं काम' करणाऱ्या अंगाची ही किंमत. आता ऊसतोडणीची यंत्रं वाढत आहेत. एक यंत्र कितीतरी कोयत्यांचं काम करतं. यंत्राच्या केबिनमध्ये कोण बसलेलं असतं, ते वरच्या हिशेबावरून ओळखता येईल.

या कष्टातून बाहेर पडायचे रस्तेही बाई आणि पुरुषाचे वेगळे आहेत. घरात चार पैसे आले की पहिली गोष्ट काय होते? बाईचं दुसऱ्याच्या रानात जाणं बंद होतं. 'आता हिला मजुरीला जावं लागत नाही' हे वाक्य नवरा छाती फुगवून सांगतो. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी हे अमेरिकेच्या आणि इतर देशांच्या इतिहासात दाखवलं आहे. गरीब समाजात बायका खूप कष्टतात; थोडी सुबत्ता आली की त्या कामातून बाहेर पडतात, कारण बायको हातमजुरी करते म्हणजे नवऱ्यात कमावण्याची धमक नाही असं लोक मानतात; आणि पुढे शिकलेल्या बायकांना कचेरीतली कामं मिळू लागली की त्या पुन्हा बाहेर येतात, कारण त्या कामाला तो कलंक नसतो. इंग्रजी यू अक्षरासारखा हा वक्र. आपल्याकडचा मोठा भाग त्या यूच्या तळाशी अडकलेला आहे: रानातून सुटका झाली, कचेरीपर्यंत पोचता आलं नाही.

मुलींना हे नीट कळलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून अविवाहित तरुणांचा मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर गेला. लग्नाला मुली मिळत नाहीत ही तक्रार. लोक हसले. शेतकरी मुलगा नको म्हणणाऱ्या पोरींना चोचलेबाज ठरवणारे लेखही आले. पण त्या पोरींनी आपल्या आईला खुरपताना पाहिलेलं असतं. त्यांचा नकार शेताला नाही. ज्या शेतात आपण राबायचं आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव, त्या सौद्याला आहे. देशात शेती कसणारे खातेदार म्हणून नोंद असलेल्यांत बायकांचं प्रमाण २०१५-१६च्या कृषिगणनेत १४ टक्क्यांच्या आसपास होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६च्या चांदवड अधिवेशनात बायकांना लाखांनी एकत्र आणलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांनी आपली काही जमीन बायकोच्या नावावर करून दिली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभरावर घरांत हे घडलं. ती लाट पुढे ओसरली.

रोजच्या व्यवहारात सध्या जो बदल मला दिसतो तो कायद्याने आलेला नाही, मोहिमेनेही नाही. तो मजूरटंचाईने आला आहे. आमच्या भागात आता खुरपणी, कांदालागवड रोजाने कमी आणि उक्ती जास्त दिली जाते. मराठवाड्यात गुत्तं म्हणतात. एकराचा दर ठरतो, टोळी येते, संपवते, जाते. टोळीत दहा-बारा बायका आणि हल्ली एखाद-दोन नवरेही. उक्त्यात पैसे एकराचे असतात, माणसाचे नाहीत, त्यामुळे वाटणी डोक्याप्रमाणे सारखी होते. रोजगार हमीच्या टेपचंच हे दुसरं रूप. मागच्या पौषात चुलतभावाच्या कांदालागवडीला आलेल्या टोळीत एक गडी होता, रोपं लावायला वाकून वाकून बेजार झालेला. दुपारी भाकरी सोडताना तो म्हणाला, "हे लई जड काम हाय बगा." बायका इतक्या हसल्या की एकीला ठसकाच लागला. तेवढ्यात टोळीच्या म्होरक्या मावशींचा फोन वाजला. पुढच्या गावचा कुणीतरी दर पाडून मागत होता. मावशींनी घास तसाच हातात धरून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, त्या दरात तुमीच घरचे चौघं गडी लावा. नाही जमलं तर मंगळवारी फोन करा."

आणि फोन ठेवून त्यांनी मिरचीचा तुकडा मोडला.